श्री. ‘इंजिनच बदलून टाका’ यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. ‘इंजिनच बदलून टाका’,
मुक्काम : तालुक्यातल्या कुठल्याही गॅरेजबाहेरचं लाल प्लास्टिकचं स्टूल.

स. न. वि. वि.

आपलं खरं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. एक तर आपण एकटे नाही. प्रत्येक गॅरेजबाहेर आपली एक शाखा असते. आणि दुसरं, आपल्याबद्दल मला वाटणारं कुतूहल. आपण मेकॅनिक नाही, आपली गाडी तिथे कधी कामाला नसते, मालकाशी नातं नाही, तरी चहा आला की एक कप न मागता आपल्या हातात जातो. एवढं वजन कमवायला इतरांना जन्म काढावा लागतो.

निमित्त आमच्या साडूंचं. वाईजवळ त्यांचं हळदीचं रान आहे. दिवाळीनंतर त्यांनी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० घेतली. चासी सरळ, पत्रा बरा, कागदपत्रं चोख. एकच खोड : सकाळी पहिल्या स्टार्टला अर्धं मिनिट नुसता स्टार्टर मारावा लागतो, मग पांढरा धूर पडतो, आणि इंजिन तापलं की सगळं शांत. साडू गाडी घेऊन गॅरेजला आले. मालक आत होता. बाहेर आपण होता.

आपण बॉनेट उघडायला लावलं नाही. धुराचा रंग विचारला नाही. तेल खाते का, पाणी कमी होतं का, घाटात तापते का, काही नाही. नुसता आवाज ऐकलात, डोळे मिटलेत आणि निकाल दिलात : “ते प्यूजो काढून फेका काका, स्कॉर्पिओचं सीआरडीई टाका. दीड लाखात गाडी उडते.” आमच्या गावच्या डॉक्टरांनाही नाडी धरावी लागते हो.

आता आपण जे काढून फेका म्हणालात, त्या प्यूजोची थोडी ओळख करून देतो. त्या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलेंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. २११२ सीसी. फ्रेंच घराणं, पण राबलं आपल्याकडे : सरपंचाच्या जीपमध्ये आणि वडापच्या फेऱ्यांमध्ये, बारा माणसं आत आणि तीन मागे लटकलेली. या जातीच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही; हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात आधी पेटतं. थंड इंजिनात तो कप्पा तापवायला प्रत्येक सिलेंडरला एक हीटर प्लग असतो. चारांतले दोन मेले, की दोन सिलेंडर पहाटे संपावर जातात आणि न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून पांढरं होऊन बाहेर पडतं. बॅटरीची वायर लावून एकेक प्लग तपासायला फार तर वीस मिनिटं लागतात. आपला चहा त्याहून जास्त वेळ चालतो.

धुराला रंग असतात, हे आपल्याला कुणी तरी सांगायला हवं होतं. निळा असेल तर तेल जळतंय. मग रिंगा, बोअर, व्हॉल्व्हचे सील यांची चौकशी. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर बघा, पंप-नोझल बेंचवर पाठवा. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर हेड गॅस्केटकडे बोट दाखवा. आणि इंजिनाचं खरंच भरलंय का हे बघायचं असेल, तर आयडलला तेलाच्या तोंडाचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. झाकण जागचं हललं नाही, तर अजून दम आहे. थडथडत उडालं आणि तोंडातून फकाफका धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन. मग इंजिन उतरवायची भाषा करा. जुनी डिझेल घेताना एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं. फक्त गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं नाही ना, हे बॉनेटला हात लावून बघायचं. साडूंनी ते बघितलं होतं. झाकण हललं नव्हतं. पण त्यांनी ते आपल्याला सांगायच्या आत आपण सीआरडीईच्या पिकअपवर पोचला होता.

बरं, सीआरडीई. म्हणजे कॉमन रेल. हजार बारच्या वर दाब, आणि त्या दाबाखाली अगदी बारीक छिद्रांतून डिझेल फवारणारे इंजेक्टर. हे सगळं आपण तीस वर्षांच्या पत्र्याच्या टाकीला जोडणार. त्या टाकीच्या तळाशी काय आहे, हे साडूंनी फिल्टर उघडला तेव्हा मी पाहिलं : विटकरी गाळ, चिमटीत घेतला तर रवाळ लागणारा. जुना पंप तो गिळून वर्षानुवर्षं चालला. कॉमन रेलच्या पंपाला त्यातला चिमूटभर पुरतो. म्हणजे टाकी बदलायची, पाइप बदलायचे, फिल्टर बदलायचा. मग वायरिंग. क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, रेलच्या दाबाचा सेन्सर, अॅक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर आणि या सगळ्यांचं ऐकून निर्णय घेणारा ईसीएम. त्याला मूळ गाडीची किल्ली ओळखीची लागते. नसेल तर इंजिन फिरतं, पेटत नाही. आपल्या दीड लाखात यातलं काय काय बसतं? मी विचारलं असतं, पण आपण तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी इनोव्हाचं इंजिन सुचवत होता.

आपले एक शिष्य पाचगणीच्या बाजूला राहतात. त्यांनी आपला शब्द झेलला. त्यांची जीप मी खाली वाकून बघितली आहे. मूळ माउंटिंग गॅसने कापलेली आणि जागा जुळेना म्हणून लोखंडी अँगल वेल्डिंगने डकवलेले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडं वेगळी, म्हणून मध्ये लेथवर बनवलेली प्लेट. ती केसभर तिरकी, म्हणून क्लच कायम थरथरतो. पंखा रेडिएटरला घासत होता म्हणून काढून टाकलेला, त्याजागी एका छोट्या कारचा इलेक्ट्रिक पंखा टायवर लटकलेला. आणि अल्टरनेटर बसत नव्हता म्हणून पेट्रोल गाडीचा घातलेला.

या शेवटच्या गोष्टीवर मी जरा थांबतो. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारं व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळतं. डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे तिथे व्हॅक्यूम तयारच होत नाही. म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. अल्टरनेटर बदलला, पंप गेला. शिष्यांना हे कळलं ते पसरणीच्या घाटात उतरताना. पेडल दगडासारखं कडक झालं. पहिल्या गिअरवर आणि देवाच्या नावावर ते वाईत पोचले. त्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत हो. जुन्या इंजिनाच्या ताकदीला बेतलेले. ताकद दुप्पट करताना ती थांबवणार कशी, हा प्रश्न आपल्या स्टुलावरून दिसत नसावा.

इंजिन आणायचं कुठून, यावरही आपलं उत्तर तयार असतं : भंगारातून. “कुर्ल्याला माझा माणूस आहे.” भंगारातलं प्रत्येक इंजिन फक्त चाळीस हजार किलोमीटर चाललेलं असतं आणि अपघातातल्या गाडीचं असतं, ज्यात धडक नेमकी मागून बसलेली असते. पावती मागितली की आपला माणूस हसतो. ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस ज्याच्या दारात येतील तो माणूस आपण नव्हे, साडू. ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने पुसलेला असेल, तर ते चोरीचंच आहे असं समजायला पोलिसांना आपल्याइतकं ज्ञान लागत नाही.

कागदाचं बोलू. आरसी बुकावर चासी नंबर असतो आणि इंजिन नंबरही असतो. पंधरा वर्षं झालेली गाडी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा पास करून घ्यावी लागते, तेव्हा आरटीओत चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात आणि बॉनेट उघडून इंजिन नंबर पडताळतात. वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीला या नूतनीकरणाची नुसती फी १० हजार रुपये आहे. ती भरून, रांगेत उभं राहून, इन्स्पेक्टरसमोर स्कॉर्पिओचा नंबर निघाला की काय होतं, ते आपण कधी पाहिलं नसणार, कारण आपण रांगेत नसता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, बरं का. कायद्यात सल्लागार हा शब्द कुठेच नाही, ही त्यातली मोठीच त्रुटी.

जुन्याच जातीचं, त्याच कंपनीचं, पावती असलेलं इंजिन परवानगी काढून घालणं, हा एक सरळ मार्ग आहे. तो मी नाकारत नाही. ब्लॉकच फुटला असेल तर दुसरं करणार तरी काय? पण आपल्या तोंडून तो कधी येत नाही, कारण त्यात गाडी उडत नाही. आपल्याला हवं असतं ते घरजावई इंजिन : राहतं या घरात, नाव रेशनकार्डावर दुसरीकडे, आणि कुणी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. विमा कंपनी तर फारच बारकाईने बघते. अपघात झाला आणि सर्व्हेअरला नंबर जुळला नाही, तर दावा कुठे अडकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आपला दुसरा आवडता मंत्र : डिझेल म्हणजे पैसे वसूल. हा मंत्र आपण ज्या काळात शिकलात, त्या काळाचा मी अनादर करत नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ च्या आत होतं. तेव्हा आपलं गणित बरोबर होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारने बाजारावर सोडला. जून २०२० मध्ये दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलहून महाग होतं. पण बातम्या स्टुलापर्यंत पोचायला वेळ लागतो. तिकडे दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून त्या एनओसी घेऊन स्वस्तात इकडे येऊ लागल्या, आणि आपण त्यातही इंजिन बदलायचा सल्ला देता. म्हणजे गाडी दिल्लीची, इंजिन कुर्ल्याचं, पासिंग साताऱ्याचं आणि डोकेदुखी घेणाऱ्याची.

साडूंनी काय केलं, हे आपल्याला कळलं असेलच, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. चारही हीटर प्लग नवे. पंप आणि नोझल काढून बेंचवर कॅलिब्रेशन. टाकी उतरवून धुतली, डिझेलचा फिल्टर बदलला. व्हॉल्व्हचं सेटिंग केलं. मिस्त्रींनी बोअर बघितला आणि पिस्टनला हात लावायची गरज नाही म्हणाले. त्यांच्या धंद्यात असं म्हणणारा माणूस मिळणं हेच मोठं. गाडी आता पहाटे दुसऱ्या फेरीला पेटते. पीयूसीवाल्याने दाबून अॅक्सिलरेटर मारला, धुराचा आकडा मर्यादेत आला. उडत मात्र नाही. खंबाटकीत ट्रकच्या मागून दुसऱ्या गिअरवर चढते, आणि साडूंना त्यात काही कमीपणा वाटत नाही, कारण मागे हळदीची पोती आहेत आणि पुढे घाई नाही.

हे सगळं लिहायचं मी टाळलं असतं. पण परवा साडू तेल बदलायला गॅरेजला गेले, तेव्हा आपण जीपला गोल फेरी मारलीत, बॉनेटवर दोनदा बोटं वाजवलीत आणि म्हणालात, “इंजिन जमलंय. आता फक्त गिअरबॉक्स काढून फेका, पाच गिअरवाला टाका.”

गॅरेजच्या मालकाशी मी बोललो आहे. सोमवारपासून ते स्टूल आत ठेवायचं त्यांनी कबूल केलंय. चहाचं मात्र त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.

कळावे,
आपला,
एका साडूचा साडू