शाल, श्रीफळ आणि सारमेय

व्याख्यात्याने कुत्र्याचं पिल्लू पाळू नये. पाळायचंच असेल तर आधी व्याख्यानं बंद करावीत. दोघांनाही सगळ्यांचं लक्ष हवं असतं, आणि पिल्लाला ते न मागता मिळतं.

महाभारतावर बोलायला मला गावोगावी बोलावतात. व्याख्यानमाला, गणेशोत्सव, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन, मी कुठेही जातो. आभार मानणारे माझ्या आवाजाला वजन आहे असं आवर्जून सांगतात. तो वजनदार आवाज लावून मी पिल्लाला पहिल्याच दिवशी म्हटलं, ‘बस!’ घरातली सगळी माणसं बसली. पिल्लू उठलं आणि सोफ्याच्या पायाशी शू करून आलं.

नाव ठेवण्याचा मान मी कुणाला दिला नाही. सरमा ही देवांची कुत्री, तिची संतती ती सारमेय. नाव संस्कृत, सार्थ आणि चारचौघांत समजावून सांगावं लागेल असं. म्हणजे मला हवं होतं तसंच. जनावरांच्या दवाखान्यात कार्ड करणाऱ्या मुलाने ते नीट ऐकून घेतलं आणि आमचा नंबर आल्यावर बाहेर येऊन पुकारा केला, ‘सरमळकर! सरमळकर कोण?’ सरमळकर काही उठेनात. शेवटी हिनेच पिल्लू उचललं आणि आत गेली. घरात आता त्याला साऱ्या म्हणतात. वॉचमन त्याला ‘सर’ म्हणतो. मला तो काका म्हणतो.

पिल्लू घरात आलं की संभाषणाची पातळी बदलते. आमच्याकडे जेवताना कर्णाच्या कवचकुंडलांवर चर्चा चालायची. आता ‘केली का? कुठे केली? घट्ट होती की पातळ?’ एवढंच चालतं आणि तेही भात कालवता कालवता. कुत्रा आणि घंटा म्हटलं की आपल्याला पाव्हलॉव्ह आठवतो, पण त्याला 1904 मध्ये नोबेल मिळालं ते घंटेसाठी नव्हे, पचनक्रियेच्या संशोधनासाठी. नोबेल समितीच्या घरी नक्की पिल्लू असणार.

या कामी वर्तमानपत्र लागतं. रविवारच्या पुरवणीत अधूनमधून माझा लेख येतो. ‘अहो, तुमचं पान बाजूला ठेवलंय हं,’ असं हिने सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं. मग कळलं, जाहिरातींच्या गुळगुळीत पानावरून ओघळ येतो, माझ्या पानाचा कागद चांगला शोषून घेतो. माझ्या लेखनाबद्दल इतकं स्पष्ट आणि अनुकूल मत आजवर एकाही समीक्षकाने दिलेलं नाही.

खाण्याचे नियम तर मुंजीतल्या बटूलाही झेपणार नाहीत. चॉकलेट नाही, कांदा नाही, द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत. माझी सासुरवाडी नाशिकची. कांदा आणि द्राक्षं ही जिल्ह्याची दोन मोठी पिकं कुत्र्याला विषारी असतात, हे मी जेवायच्या टेबलावर अभ्यासपूर्ण स्वरात सांगितलं. त्या संध्याकाळी कुणी माझ्याशी फारसं बोललं नाही. साऱ्याशी मात्र सगळे बोलत होते.

या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. उरलेले तास रात्री येतात. आईची ऊब सुटलेली असते, भावंडांचा ढीग नसतो, मग ते रडतं. कुणी सांगितलं, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा. पिशवी मिळाली. कापडासाठी हिने कपाट उघडलं आणि सत्काराच्या शालींचा गठ्ठा बाहेर काढला. मी हरकत घेतली. प्रत्येक शालीला इतिहास आहे, असं म्हटलं. हिने एक शाल पुढे करून तिचा इतिहास विचारला. मला गावाचं नावसुद्धा आठवेना. साऱ्याने गठ्ठ्यात नाक खुपसलं, जरीकाठाची नाकारली, लोकरीची नाकारली आणि एका साध्या सुती शालीवर तीन गिरक्या घेऊन बसला. ती शाल देणाऱ्या मंडळाने मानधन दिलं नव्हतं.

रडणं थांबलं नाहीच. मग मी शेजारी जमिनीवर आडवा झालो आणि त्याला महाभारत सांगायला लागलो. तो लगेच झोपला. मोठ्या सभागृहांतही हा परिणाम मी पाहिलेला आहे, पण तिथे नंतर टाळ्या असतात.

आता महाभारत निघालंच आहे तर थोडं विषयांतर करतो. संयोजक इथे घड्याळ दाखवतात, तुमच्याकडे ती सोय नाही. शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आदिपर्वात, कथा पुरती सुरूही झालेली नसते तेव्हाच, एक पिल्लू येतं. जनमेजय कुरुक्षेत्रावर यज्ञसत्र करतोय, सोबत श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे त्याचे भाऊ. (हा भीमसेन निराळा. हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारतात.) तिथे एक पिल्लू हुंगत येतं आणि हे तिघे त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. आई कोण, तर सरमा. ती आधी काय म्हणते? तूच काहीतरी केलं असशील! अस्सल आई. पोर सांगतं, मी काही केलं नाही, हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढं ऐकल्यावर मात्र ती उठते आणि थेट यज्ञमंडपात जाऊन राजाला आणि त्याच्या भावांना विचारते, ‘माझ्या पोराचा काही अपराध नव्हता. का मारलंत?’

यावर तिथे कुणीच काही बोलत नाही. मोठमोठे ऋत्विज बसलेले, राजा बसलेला, आणि एका कुत्रीला द्यायला उत्तर नाही. मग ती शाप देते की निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. जनमेजय इतका हादरतो की सत्र आटोपून हस्तिनापुराला परतल्यावर, त्यातून सोडवणारा पुरोहित शोधत फिरतो. लाखभर श्लोकांचा ग्रंथ, आणि त्याच्या तोंडाशीच एका पिल्लाची तक्रार नोंदवून घेतली आहे. व्यासांना दंडवत.

हे मी व्याख्यानात अनेकदा सांगितलंय. टाळ्याही घेतल्या आहेत.

साऱ्याच्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढी जागा उघडी आहे. तिथे केस येत नाहीत. कुणीतरी उकळतं पाणी टाकलं होतं. घरात कुणी हातात पातेलं घेऊन उभं राहिलं की तो खेळता खेळता थांबतो, पोट जमिनीला लावतो आणि सरपटत टेबलाखाली जातो. हिने आता चहाचं पातेलं पाठीमागे लपवून न्यायची सवय लावून घेतली आहे. त्याने काय चाटलं होतं, मला ठाऊक नाही. तेव्हा ते दीड-दोन महिन्यांचं पोर होतं.

साऱ्याची आई गेटसमोरच्या इस्त्रीच्या टपरीखाली असते. कानाचा कोपरा कापलेला आहे, म्हणजे नसबंदी झालेली. 2023 च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, आणि तिला तसं सोडलं तेव्हा आमच्या सोसायटीत सभा भरली. त्या सभेत ‘ही ब्याद हलवा’ म्हणणारे गृहस्थ दर गुरुवारी दत्ताची आरती करतात. आरतीला मीही असतो. तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, चार वेद म्हणून त्यांनाही फूल वाहतात. चौकटीतून उतरून त्यातलं एक खाली आलं तर त्याला लिफ्टमध्ये घेणार नाहीत. साऱ्यालाही मनाई करायचा विचार होता. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, हे पशुकल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक मी त्याच वजनदार आवाजात वाचून दाखवलं. ते ऐकताना मात्र कुणी झोपलं नाही.

लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्हो या रोगाच्या भीतीने पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडायचं नसतं, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन खाली जातो. एकदा टपरीपाशी थांबलो. आई उठून आली. आता मायलेकरांची भेट, तिच्या डोळ्यांत कृतज्ञता, पुढच्या व्याख्यानाचा शेवट, सगळं माझ्या मनात जुळून आलं होतं. तिने साऱ्याचे कान हुंगले, खांद्यावरची उघडी जागा चाटली, माझा हातही हुंगला, आणि परत जाऊन झोपली. माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. प्रश्न विचारायला ती कुठल्या मंडपात जाणार? आणि गेली तरी आम्ही काय सांगणार होतो?

साऱ्या आता गेटशी पोचलो की कडेवरूनच ओढ घेतो. त्याचे दुधाचे दात पडायला लागतील तेव्हा सगळे अठ्ठावीस पडेपर्यंत माझी मानपत्रं उंच टांगून ठेवा, असं हिने सुचवलंय. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आहे. त्या दिवशी व्याख्यान होतं, ते मी पुढे ढकललं. संयोजकांनी कारण विचारलं. ‘सरमळकरांना दवाखान्यात न्यायचंय,’ म्हणालो. त्यांनी प्रकृतीची आपुलकीने चौकशी केली.

तुमच्या मनात पिल्लू आणायचं असेल तर दुकानात जाण्याआधी आपल्या गेटबाहेर बघा. आणाल तर बारा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने आणा. आणायचं नसेल तर निदान गरम पाणी टाकू नका. आणि आणलंतच तर कळवा, शाल मी देतो. फक्त सुती मागा. लोकरीची त्यांना टोचते.