आवरायला कायद्याने बंदी

घरात पसारा मांडणाऱ्याच्या बाजूने संसदेने कायदा केल्याचं मला माहीत असलेलं उदाहरण एकच. वर्ष 1833, देश इंग्लंड आणि पसारा सर जॉन सोन यांचा. लंडनच्या होबर्न भागात लिंकन्स इन फील्ड्स नावाचा प्रशस्त चौक आहे. त्याच्या उत्तरेकडच्या रांगेतलं 13 नंबरचं घर त्यांचं. आपल्यामागे ते शक्यतो होतं तसंच राहावं आणि लोकांना फुकट बघता यावं, अशी तजवीज त्यांनी कायदा करूनच करून घेतली. 1837 मध्ये ते गेले. तेव्हापासून तिथली फुलदाणी इकडची तिकडे करणं ही घरगुती बाब उरलेली नाही.

सोन गवंड्याचे चिरंजीव. हुशारीने शिकले, पुढे 45 वर्षं बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुशिल्पी होते. मोठा पैसा मात्र बायकोच्या काकांच्या वारशातून आला, आणि त्यातून घरं घेण्याचा नाद लागला. 1792 मध्ये 12 नंबर घेतला, 1807 मध्ये 13, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर 14. प्रत्येक घर पाडून नव्याने बांधलं. माणसांना जागा पुरत नव्हती असं नाही. वस्तूंना पुरत नव्हती.

त्या काळचं लंडनचं शहरी घर म्हणजे दोन्हीकडे शेजाऱ्याची भिंत, दर्शनी बाजूला तीन खिडक्यांएवढी रुंदी आणि वाढायला मोकळं फक्त आभाळ. स्वयंपाकघर तळघरात, जेवणघर त्याच्या वर, पाहुण्यांचे दिवाणखाने आणखी वर, मग निजायच्या खोल्या, आणि अगदी छपराखाली नोकर. म्हणजे जी मोलकरीण सगळ्यात उंच झोपायची, तिलाच पहाटे सगळ्यात खोल उतरून चूल पेटवावी लागायची. या वास्तुशैलीचं कौतुक करणारे ग्रंथ खांब आणि कमानी मोजतात. सगळा भार ज्यांच्यावर होता त्या गुडघ्यांचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

दर्शनी भिंत शेजाऱ्यांच्या रेषेत हवी, असा तिथला शिरस्ता. सोन यांनी 1812 मध्ये पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाचा भाग चांगला पुढे काढला, त्याला उघडे सज्जे ठेवले आणि वर ग्रीक धाटणीच्या स्त्रिया उभ्या केल्या. बांधकामावर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने त्यांना कोर्टात खेचलं. सोन जिंकले. आणि मग, काही वर्षांनी, काय केलं असेल? त्या उघड्या सज्जांना काचा लावून ते आत खोल्यांना जोडून घेतले. बाल्कनी खोलीत घेण्याचा शोध आपल्या मुंबईत लागला, असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आत शिरल्यावर मात्र थट्टा जरा आवरावी लागते. न्याहारीची खोली तशी लहानशी. पण तिच्यावर एक उथळ घुमट असा धरलाय, की तो भिंतींना टेकल्यासारखा वाटतच नाही. घुमट आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून, कुठून ते न दिसता, पिवळसर उजेड झिरपतो. ठिकठिकाणी फुगीर गोल आरसे बसवलेत, त्यांत अख्खी खोली वाकून मावते, शिवाय बघणाऱ्याचं नाकही. लंडनमध्ये उजेड हा मुळात उधारीचा माल. तो छपरातून आणायचा, रंगीत काचेत कोवळा करायचा आणि तळघरापर्यंत पोचवायचा, हे सोन यांचं खरं कसब. मला वाटतं, एवढ्या वस्तूंच्या दाटीत त्यांनी हवापालट करायला मोकळी सोडलेली गोष्ट एकच, ऊन.

चित्रांची खोली तर आपल्या वनरूम किचनमधल्या हॉलएवढी. तिच्यात शंभरावर चित्रं आहेत, आणि त्यांत विल्यम होगार्थच्या गाजलेल्या मालिकाही. युक्ती अशी, की भिंती म्हणजे बिजागरीवर फिरणाऱ्या फळ्या आहेत. एक उघडली की मागे आणखी चित्रं, ती उघडली की भिंतच गायब आणि खाली एकदम दुसरी खोली. हे खालचं दालन एका भिक्षूचं, फादर जोव्हान्नी यांचं. बाहेर अंगणात मठाचे भग्न अवशेष आहेत. भिक्षू मात्र कधी नव्हताच; सोन यांनीच तो रचला, त्या काळच्या गॉथिक वेडाची फिरकी घ्यायला. त्याच अंगणात एक भारदस्त थडगं आहे. त्यात आहे फॅनी, बाईसाहेबांची लाडकी कुत्री.

1824 मध्ये त्यांनी इजिप्तच्या राजा सेतीची अलाबास्टरची शवपेटी विकत घेतली. ब्रिटिश म्युझियमला किंमत परवडेना, ती यांना 2000 पौंडांना परवडली. दारातून ती येईना, म्हणून मागची भिंत फोडली. आणि पुढच्या वर्षी तीन रात्री दिवे लावून सुमारे नऊशे माणसांना ती बघायला बोलावलं. शवपेटीचं हळदीकुंकूच म्हणायचं.

एवढा सोस कशासाठी? मुलांनी वास्तुशिल्पी व्हावं, हे घर त्यांची शाळा व्हावं, अशी बापाची इच्छा. मुलांना त्यात रस नव्हता. धाकट्या जॉर्जने तर 1815 मध्ये बापाच्या कामाची टर उडवणारे निनावी लेख छापले. आईला ते कुणाचे हे कळलं, आणि दोनेक महिन्यांत ती गेली. सोन यांनी ते लेख चौकट करून भिंतीवर लावले, खाली लिहिलं की हे जॉर्जने घातलेले प्राणघातक घाव. या माणसाला अपमानसुद्धा टाकवत नव्हता. संसदेच्या कायद्याचा अर्धा रोख जॉर्जच्या वारसाहक्कावर होता, हे वेगळं सांगायला नको.

बँकेची त्यांची इमारत पुढल्या शतकात बँकेनेच बहुतेक पाडली. घर मात्र कायद्यामुळे वाचलं.

काही कपाटं त्यांनी स्वतः सीलबंद करून ठेवली होती. विश्वस्तांनी ती 1866, 1886 आणि 1896 मध्ये उघडावीत, असा हुकूम. लोकांची उत्सुकता शिगेला पोचली असणार. आत निघाली बरीचशी घरातल्या भांडणांची पत्रं आणि किरकोळ कागद. जॉर्जला ती वाचायला मिळाली नाहीत. तो 1860 मध्येच वारला होता.