खोललीच आहे तर

मोटारसायकलचे भाग काळे करून घ्यायला किती लागतील, हा प्रश्न शहाण्याने विचारू नये. उत्तर खरं मिळतं आणि तेच घात करतं. काळा खरोखरच स्वस्त पडतो. पावडर कोटिंगवाल्याकडे ग्रिल आणि खुर्च्यांचा काळा माल सारखा चालू असतो. रंग बदलायचा तर बंदूक आणि बूथ झाडून काढावं लागतं. काळ्याच्या फेरीत आपले भाग घुसवले की तो खटाटोप वाचतो. तो भाव ऐकला त्या संध्याकाळी बुऱ्हाणपुरात माझ्याइतका हिशेबी माणूस दुसरा नव्हता.

पण भट्टीत गाडी जात नाही, भाग जातात. १८० ते २०० अंशांवर पावडर वितळून लोखंडाला धरते, त्यामुळे रबर, वायरी, बेअरिंग, ऑइल सील सगळं आधी उतरवायचं. मग वाळूचा मारा. आमचा मागचा मडगार्ड इतकी वर्षं निव्वळ रंगावर उभा होता, हे त्या माऱ्यात उघड झालं. मग आट्यांना बूच, बेअरिंगच्या जागांना टेप. नाहीतर तिथे पावडर बसते आणि बेअरिंग आत शिरत नाही. चेसिस नंबरही जपायचा, तो बुजला तर आरटीओला काय दाखवणार?

आणि मिस्त्री! "भाऊ, मागच्या चाकाचा चिमटा उतरलाच आहे, बुश टाकून घ्या." "हँडल खोललंच आहे, तर कोनसेट?" "रिम काळी करताय, मग गंजक्या तारा परत लावायच्या का?" सायलेन्सरचा ताप साध्या पावडरीला सोसत नाही, त्याला वेगळा रंग, वेगळा भाव. सगळं जोडून झाल्यावर काळ्याभोर चेसिसवर आमची टाकी पेन्शनीतली दिसू लागली. मिस्त्री काही बोलला नाही, नुसता टाकीकडे बघत राहिला.

कामातून काम काढणं हा या गावच्या मातीचा गुण असावा. मुमताजमहल १६३१ साली इथेच वारली. तापीपलीकडे आहुखान्यात तिला आधी पुरलं, मग आग्र्याला नेलं. तिथे पांढऱ्या ताजसमोर, यमुनेच्या दुसऱ्या काठी, शहाजहानला स्वतःसाठी काळा ताज बांधायचा होता अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती मानत नाहीत. त्या काठच्या मेहताब बागेत खोदून पाहिलं, तर काळ्या ताजचा पाया निघाला नाही. मी मात्र मानतो. "हुजूर, कारागीर आलेच आहेत तर..." असं एखादा मिस्त्री म्हणाला असणारच.

पुढे औरंगजेबाने बापाला किल्ल्यात का कोंडलं, यावर विद्वान पानंच्या पानं लिहितात. आमच्या चिरंजीवांना बिलाचं एकच पान पुरलं.

"पप्पा, मोबाइल द्या इकडे. यूपीआयचा पिन बदलतोय."