काकांचं हिवाळी अधिवेशन

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, त्याच सुमारास ऊर्जानगरात काकांचंही सुरू होतं. तिकडे मोर्चे, इकडे ड्रिल मशीन. घोषणा दोन्हीकडे भरपूर. पुरवणी मागण्या मात्र आमच्या काकांच्या लवकर येतात, पहिल्याच सकाळी: दोन मीटर पाइप, एक एल्बो, एम-सीलची पुडी आणि चहा.

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. जवळच इरई धरण, शेजारी दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसाखाणी, आणि या सगळ्याला लागून ताडोबाकडचं जंगल. १९८३ साली इथला पहिला संच सुरू झाला. २१० मेगावॅटचे ते पहिले दोन संच आता निवृत्त झालेत, तरी केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एवढ्या विजेच्या उशाशी झोपणाऱ्या माणसाला घरात खाटखूट करायची हौस कशाला, असं बाहेरच्याला वाटतं. त्या बाहेरच्यानं मे महिन्यात इथं येऊन पाहावं. पारा ४७-४८ अंशांवर गेला की माणूस कूलरसमोरून उठत नाही, हातात पाना धरला तर चटका बसतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, लोखंड गंजतं आणि काका वर्तमानपत्र वाचतात. उरतो हिवाळा. वर्षभराच्या हौसेचा सगळा अनुशेष दिवाळी ते महाशिवरात्र एवढ्यात भरून काढायचा असतो. आणि अनुशेष कसा भरून निघतो, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

असा एक काका वसाहतीतल्या दर ओळीत सापडतो. कानटोपीच्या दुमडीत पेन्सिल, खिशात टेस्टर, अंगात काकूंनी कधीकाळी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. बदल्या झालेल्या असतातच, त्यामुळे प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘कोराडीला असताना’ नाहीतर ‘परळीला असताना’ अशी होते. पारस, भुसावळ, खापरखेडा अशी महाराष्ट्राची निम्मी वीज केंद्रं त्यांच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी येऊन जातात. आमच्या इमारतीतले काका मूळचे सिंदेवाहीकडचे, त्यामुळे कोराडी संपली की ‘आमच्याकडं ना जी’ सुरू होतं.

काकांची भाषा प्लँटची. दूध उतू गेलं की ‘सेफ्टी उडाली’. सकाळी पोरगा उठेना तर ‘लोड घ्यायला वेळ लागते त्याला’. पाहुणे परत गेले की ‘युनिट नॉर्मल’. काकू रागावल्या तर आत जाऊन हळूच दार ओढून घेतात आणि बाहेर आम्हाला सांगतात, ‘ट्रिप झालं. दोन तासांनी लाइट-अप करू.’ घरात काहीही बिघडो, पहिलं निदान ठरलेलं: ‘ट्यूब लिकेज.’ बॉयलरची नळी फुटली की संच बंद पडतो, हे खरंच. पण काकांनी हे निदान टीव्हीच्या रिमोटलाही लावलेलं आहे.

एकदा मिक्सर उघडायला घेतला, तर त्याच्यावर दोऱ्यानं लाल पाटी बांधली: ‘काम चालू आहे, स्विच टाकू नये.’ प्लँटमध्ये ही पाटी आणि कामाचं परमिट हा जिवाचा प्रश्न असतो, तिथं काका एकदाही चुकलेले नाहीत. पण मिक्सरची पाटी संक्रांतीपर्यंत तशीच होती. तेवढे दिवस काकूंनी जवसाची चटणी उखळात कुटली. परमिट रद्द करायचा अधिकार ज्यानं काढलं त्यालाच, या नियमावर काका ठाम.

हिवाळ्यातलं पहिलं विधेयक साधारणपणे आंघोळीच्या पाण्याचं. कोळशावर आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्ती जवळ आली की सूर्याची ओढ का लागते, कोण जाणे. दुर्गापूरच्या भंगारवाल्याकडून पाइप आणला, काळा रंग दिला, गच्चीवर वेटोळं करून ठेवलं, त्यातून एक नळी खाली न्हाणीत उतरवली. पाणी तापलं. कडकडीत तापलं. फक्त दुपारी तीन वाजता तापलं. फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या माणसाची आंघोळ पहाटे पाचची. तेव्हा नळाला येणारं पाणी असं, की बाहेरच्या दहा अंशांत उभं राहणं परवडलं.

‘लॅगिंग पाहिजे,’ काका म्हणाले. प्लँटमध्ये वाफेच्या नळ्यांवर उष्णतारोधक गुंडाळतात, तसं. आता ते गुंडाळायला काय सापडावं? काकूंच्या आईच्या लुगड्यांची गोधडी. लाल काठ, हिरवट अंग, बोटभर अंतरावर एकसारखे धावदोऱ्याचे टाके. काकू हळदीकुंकवाला गेल्या होत्या. परत येऊन वर पाहतात तर आईचं लुगडं सुतळीनं आवळून पाइपावर चढलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. गच्चीवर गेल्या, सुतळी कापली, गोधडी झटकली, खाली आणली आणि त्या रात्री काकांच्या अंगावरचं पांघरूण काढून ती आपल्या अंगावर घेतली. काकांनी ही घटना ‘फोर्स्ड आउटेज’ या सदरात टाकली. न्हाणीतला तो तिसरा नळ मात्र राहिला. त्याचं नाव बायपास.

काकूंचे उद्योग या सगळ्याच्या शेजारी, आवाज न करता, चाललेले असतात. नातवाचा स्वेटर, मुगाच्या वड्या, कोहळ्याचे सांडगे, गोधडीचा नवा तुकडा. ऊन उतरेपर्यंत गच्चीवर चटई, बाजूला तुरीच्या शेंगांचं ताट, आणि सुया चालू: दोन सुलट, दोन उलट. यांच्या कामांना कुणी प्रोजेक्ट म्हणत नाही, कारण ती पुरी होतात.

काकांना हे बघवत नाही. मदत करावीशी वाटते. लोकरीची लड हातानं गुंडाळून गोळा करताना काकूंचा अर्धा तास जातो, हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं आणि माळ्यावरच्या कूलरमधून मोटर काढली. तिच्या दांड्यावर पुठ्ठ्याची गुंडाळी बसवली. ‘आपण स्लो स्टार्ट घेऊ,’ असं म्हणत रेग्युलेटर हातात धरला. पंख्याची मोटर ती. तिला हळू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पिवळी लोकर एका क्षणात गोळ्यावर, दुसऱ्या क्षणात छताच्या पंख्यावर, आणि तिसऱ्यात काकांच्या कानटोपीवर. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा कंत्राटी अभियंता आवाज ऐकून धावत आला. त्याला काकांनी दारातच थांबवलं: ‘काही नाही, ट्रायल रन.’ काकू गुंता सोडवत बसल्या. लोकरीचा गुंता सोडवणारा माणूस कधी बघितलात? ओरडत नाही, ओढत नाही, एक टोक शोधून शांतपणे बसतो. पस्तीस वर्षांच्या संसाराचा सराव लागतो त्याला.

वड्यांच्या बाबतीत मात्र काकांचं म्हणणं बरोबर होतं. औष्णिक केंद्राजवळ गच्चीवर काहीही वाळत घातलं की संध्याकाळी त्याच्यावर करडी साय. धूर चिमणीत जाण्याआधी विजेच्या पत्र्यांमध्ये राख अडवणारी यंत्रणा असते, ईएसपी म्हणतात तिला. तरी थोडंफार निसटतंच, आणि कोळशाची धूळ वेगळी. काकांनी चार काठ्या रोवून त्यावर काकूंची जुनी वायलची साडी ताणली. नाव अर्थातच ईएसपी. राख अडली. पण साडीखाली काय आहे याची वानरांना उत्सुकता वाटली, आणि सात-आठ वानरं मुगाच्या वड्यांचा पहिला लॉट घेऊन गेली. ‘फील्ड आउट झालं,’ काका म्हणाले. काकूंनी पुन्हा डाळ भिजत घातली.

बिबट ही इथं गमतीची गोष्ट नाही. या पट्ट्यात वाघ-बिबट्यांनी माणसं नेलेली आहेत. अंधार पडला की मुलांना आत घेतात आणि फिरायला जाणारे टोळीनं जातात. म्हणून काकांनी स्कूटरच्या शेडपाशी हालचाल टिपणारा दिवा आणि भोंगा बसवला, तेव्हा सगळ्या इमारतीनं वर्गणी दिली. भोंगा उत्तम वाजायचा. कुत्र्याला वाजला, मांजरीला वाजला, पहाटेच्या दूधवाल्याला वाजला, सेकंड शिफ्ट करून रात्री अकराला घरी येणाऱ्या पाटीलसाहेबांना तर रोज वाजला. ते शेवटी स्कूटर बंद करून लोटत आणू लागले, तरी वाजला. एका सकाळी शेडच्या मऊ मातीत खरोखरचे ठसे दिसले, तळहाताएवढे. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली. भोंगा मात्र रात्रभर गप्प होता, कारण कुणीतरी कंटाळून स्विच बंद केला होता. काकांनी नोंदवहीत लिहिलं: ‘सिस्टीम स्टँडबायवर.’ नोंदवही खरीच आहे. तासागणिक रीडिंग घ्यायची सवय हाडात मुरलेली. पाण्याच्या टाकीची पातळी, गच्चीवरच्या पाइपाचं तापमान आणि ‘सौ. — मूड’ असा तिसरा रकाना.

मला वाटतं, या काकांचं दुखणं साधं आहे. तीस-पस्तीस वर्षं माणूस एखाद्या पंपापाशी, एखाद्या मिलपाशी काढतो. त्यानं केलेली वीज तारेत शिरते आणि सगळ्यांच्या विजेत मिसळून जाते. मुंबईतल्या कुठल्या दिव्याकडे बोट दाखवून ‘हा माझा’ म्हणणार? म्हणून घरी एखादी वस्तू अशी हवी, की जी पहिल्या खिळ्यापासून आपली. वाकडी असली तरी चालेल. (वाकडी असतेच.)

यातूनच बांबू आला. चंद्रपूरच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जातो, चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, आणि आपण काय नुसते बघत राहायचं? काका तिथं जाऊन दिवे, खुर्च्या, पेले बघून आले आणि संक्रांतीचं वाण घरी बनवायचं जाहीर केलं. चाळीस बायकांना चाळीस बांबूचे पेनस्टँड. काकू म्हणाल्या, ‘गोल बाजारातून डबे आणते जी मी.’ काकांनी ऐकलं नाही. कोयत्यानं बांबू फोडणं वेगळं आणि एकसारख्या कामट्या काढणं वेगळं. दोन गाठींमधलं पेर आडवं कापलं की पेला तयार, असं लांबून वाटतं. जवळ गेलं की तळाची गाठ उभी चिरते आणि पेन खालून बाहेर येतं.

मध्येच टोपलीही विणायला घेतली. सूप-टोपल्या विकायला वसाहतीत येणारी बुरडाची म्हातारी जिन्यापाशी बसली, काकांचं काम उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘हे का होय जी? टोपली का मासोळ्याचं जाळं?’ मग चहा येईपर्यंत तिनं काकांच्याच कामट्यांतून तळ विणून दिला. बोटं थांबत नव्हती आणि नजर रस्त्यावर होती. काका तिच्या बोटांकडे असे बघत होते, जशी नवी पोरं कंट्रोल रूममध्ये पॅनेलकडे बघतात. त्या दिवशी त्यांनी कोराडीचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात सिंदेवाहीकडून, म्हणजे झाडीपट्टीतून, निरोप आला: गावात मंडई म्हणजे जत्रा आहे, रात्री नाटक आहे. झाडीपट्टीतल्या माणसाला थंडीत नाटकाचा निरोप आला की प्रोजेक्टच काय, टर्बाइनही थांबतं. काका घोंगडी घेऊन गेले, रात्रभर मंडपात बसून सकाळी तांबड्या डोळ्यांनी आले, आणि दोन दिवस झोपले. संक्रांतीला सात पेनस्टँड तयार होते. पहिल्या सात बायकांना बांबू, उरलेल्या तेहतिसांना प्लास्टिकचे डबे. आठव्या नंबरला आलेल्या साहेबीणबाईंनी हा भेदभाव अजून मनात ठेवलाय, आणि बांबू मिळालेल्या सातजणी हळूच डब्याची चौकशी करून गेल्या.

फेब्रुवारी संपता संपता ऊन चावू लागलं. काकूंनी कूलर बाहेर काढायला सांगितला, तेव्हा त्याच्यात मोटर नव्हती. ती अजून लोकरीच्या केसांनी भरलेली, माळ्यावर ‘ओव्हरहॉलमध्ये’ होती.

त्याच वर्षी काका रिटायर झाले. क्वार्टर रिकामं करताना वसाहतीचा माणूस यादी घेऊन आला आणि भिंतीतली भोकं मोजायला लागला. एकोणचाळिसाव्या भोकानंतर त्यानं यादीवर ‘इतर’ असं लिहिलं आणि चहा घेतला. काका-काकू आता गावी असतात. क्वार्टर एका नव्या अभियंता मुलाला मिळालं आहे. परवा त्याचा फोन आला होता. काकू सांगत होत्या.

‘काका, न्हाणीतला तिसरा नळ कशाचा आहे हो?’

‘उघडला का तू?’

‘हो ना. गच्चीवरून कसलातरी आवाज येतोय.’

‘किती वाजता उघडला?’

‘आत्ताच. सव्वातीनला.’

काका एकदम उठून बसले. ‘पाणी गरम हाय का?’

‘कडकडीत आहे.’

‘लिहून ठेव,’ काका म्हणाले. ‘वहीत वेळ लिहून ठेव. मी येतोच तिकडं.’