मध्यरक्षक ठेवावा का?

शहापूर-मुरबाडच्या गावोगावच्या कबड्डी संघांत एक मध्यरक्षक असा असतो, ज्याचे नाव समालोचक फक्त दुखापतीच्या वेळी घेतो. भातझोडणी आटोपून स्पर्धांचे बॅनर लागले की त्याला यंदा ठेवावे का, हा प्रश्न निघतो. चढाईपटूचे गुण मोजता येतात. हा साखळीत हात धरून उभा राहतो आणि पकडीचे श्रेय बहुधा कोपरारक्षकाला जाते. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले की पकडीला एक गुण जादा मिळतो. नेमका तेव्हा हा गुडघ्याला पट्टी बांधून हजर असतो.

प्रो कबड्डीचा हिशेब वेगळा. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुईसाठी २.३५ कोटी मोजले, विजेतेपद मिळवले आणि पुढच्या लिलावाआधी त्याला सोडूनही दिले. गावात सोडणे इतके सोपे नाही. संघाला स्पर्धेला नेणारा टेम्पो त्याच्या काकांचा असतो. शिवाय मैदानातले खडे वेचणे आणि चुन्याच्या रेषा मारणे त्याच्याकडेच. मानधन म्हणाल तर दोन वडापाव आणि एक जर्सी, तीही दुसऱ्याच्या नावाची. या भावात दुसरा मिळत नाही. ठेवावा.