घरच्या घरी पाइन: इच्छुकांसाठी नियमावली

मे महिन्यात हिमाचलची टूर करून परतलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात तीन वस्तू हमखास निघतात: कुलूची शाल, सफरचंदाचा जॅम आणि पिशवीभर ‘लाकडी फुलं’. शाल आत्याला जाते. जॅमला पावसाळ्यात बुरशी येते. लाकडी फुले मात्र घरातल्या काकांच्या ताब्यात जातात आणि जूनच्या पहिल्या रविवारी गॅलरीत पाइन लावण्याचा संकल्प सोडला जातो. पुढील नियम अशा काकांसाठी आहेत. काकूंनीही ते नजरेखालून घालावेत, कारण उत्साह ओसरल्यावर पाणी त्यांनाच घालायचे असते.

नियम पहिला: पिशवीतले शंकू शोकेसमध्ये ठेवावेत, पेरू नयेत. हिमालयाच्या खालच्या उतारांवर जो चीड दिसतो, त्याचा शंकू परागीभवनानंतर पिकायला जवळजवळ दोन वर्षे घेतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो वाळून उघडतो आणि प्रत्येक खवल्यावरच्या दोन-दोन पंखवाल्या बिया वाऱ्याबरोबर निघून जातात. काका बसमधून उतरून नेमका हाच उघडलेला शंकू उचलतात, म्हणजे भाडेकरू सोडून गेलेली खोली ताब्यात घेतात. बी हवे असेल तर न उघडलेला, तपकिरी झालेला शंकू लागतो आणि तो उन्हाळ्याआधी मिळतो. राखीव जंगलातून काहीही उचलायचे तर आधी वनखात्याला विचारावे लागते, ही गोष्ट टूर मॅनेजर सांगत नाही.

तरीही काका अख्खा शंकू कुंडीत पुरतातच. पाणी घातल्यावर तासाभरात त्याचे खवले मिटू लागतात आणि काका घरभर जाहीर करतात, “जिवंत आहे!” तो जिवंत नसतो. खवल्याचे आतले आणि बाहेरचे थर ओलाव्याने कमीजास्त फुगतात, म्हणून खवला मिटतो. वाळला की पुन्हा उघडतो. मेलेला शंकूही हा उद्योग वर्षानुवर्षे करू शकतो. पुण्याच्या जुलैत तो घट्ट मिटून बसतो, ऑक्टोबरच्या उन्हात उघडतो. हवेतली आर्द्रता ओळखायला इतके स्वस्त साधन दुसरे नाही. काकांनी तेवढ्यावर समाधान मानायला हरकत नसावी, पण ते मानत नाहीत.

नियम दुसरा: आपण नक्की काय लावतो आहोत ते आधी ठरवावे. त्यासाठी सुया मोजाव्यात. एका झुपक्यात तीन लांब सुया असतील तर चीड, पाच असतील तर कैल. आखूड सुयांचे दाट झुपके दिसले तर तो देवदार. तो पाइनच्याच कुळातला, पण पाइन नव्हे. नाताळात दारात ठेवतात तो अरौकेरिया पाइन नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तर मुळात सूचिपर्णीच नाही, तो फुले येणारा वृक्ष आहे. तेव्हा गुहागरच्या सुरूच्या बनात उभे राहून “अगदी मनालीसारखं वाटतं” असे म्हणणाऱ्यांनी सुया मोजण्याच्या कामापासून दूर राहावे.

नियम तिसरा: चिलगोजे खावेत. ते किन्नौरकडच्या एका पाइनचेच बी आहे, पण सुक्यामेव्याच्या दुकानातले चिलगोजे भाजलेले असतात आणि भाजलेले बी उगवत नाही. शिवाय ते कुंडीत पुरण्याइतके स्वस्तही नाहीत.

नियम चौथा: खात्रीच्या ठिकाणाहून चिडाचे बी विकत घ्यावे, पंख चोळून काढावेत आणि ते रात्रभर पाण्यात भिजवावे. बुडेल ते बी पेरायचे, तरंगेल ते बहुधा पोकळ म्हणून टाकायचे. इथे काकांचा जीव कळवळतो. तरंगणाऱ्या बियांसाठी ते वेगळी कुंडी करतात, तिला जास्त ऊन देतात आणि त्यातून काही उगवत नाही. या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

नियम पाचवा: कैलच्या बियांना उगवण्याआधी थंडीची आठवण करून द्यावी लागते. त्या ओल्या वाळूत मिसळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. डबा इडलीच्या पिठाशेजारी ठेवू नये. चिडाला ही सोय लागत नाही. तो डोंगरपायथ्याच्या कडक उन्हाळ्यातही वाढतो, त्यामुळे मराठी गॅलरीत हिमालयातल्या पाइनपैकी आशा धरावी अशी त्याच्याचकडून.

नियम सहावा: शेणखताचा हात आखडता घ्यावा. पाइनला श्रीमंती सोसत नाही. निम्मी वाळू असलेली, पाणी झरझर जाणारी माती त्याला पुरते. लागते ती बुरशी. पाइनच्या बारीक मुळांना एक विशिष्ट बुरशी वेढून राहते आणि मातीतले पाणी व फॉस्फरस झाडाला पुरवते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी 1885 मध्ये या भागीदारीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. प्वेर्तो रिको बेटावर पाइनची लागवड वारंवार फसत होती. जिवंत पाइनखालची माती आणून मिसळल्यावर रोपांनी जोर धरला. म्हणून कुठे वाढता पाइन सापडला तर त्याच्या मालकाकडे ओंजळभर माती मागावी. कारण विचारले तर खरे सांगावे, खोटे यापेक्षा विचित्र वाटणार नाही.

नियम सातवा: पेरलेले बी उकरून पाहू नये.

एकदाही नाही. बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरलेले बी दोन ते चार आठवड्यांत वर येते. “नुसतं बघितलं” म्हणून कोणतेही बी लवकर उगवल्याची नोंद नाही.

उगवते तेव्हा मात्र पाहण्यासारखे असते. आगपेटीच्या काडीएवढा लालसर देठ आणि त्याच्या टोकावर टोपीसारखे अडकलेले बियांचे टरफल. आत दोन नव्हे, सुयांसारखी अनेक बीजपत्रे एकत्र मिटलेली असतात. ती पसरली की टोपी आपोआप पडते. काकांनी ती चिमटीत धरून काढायला जाऊ नये, मान मोडते. पाखरे मात्र टोपी पाहून हमखास येतात, तेव्हा वर जाळी हवी.

नियम आठवा: पाणी कमी. कुंडी सतत ओली राहिली की ‘मर’ लागते. सकाळी ताठ असलेले रोप संध्याकाळी मातीलगत बारीक होऊन आडवे झालेले असते आणि त्यावर औषध नाही. म्हणून पेरणी पावसाळ्यात न करता दिवाळीनंतर करावी, कुंडी भरपूर उन्हात ठेवावी आणि वरची माती सुकल्याशिवाय झारी उचलू नये. शक्य तर काकांनी त्या दिवसांत मुलीकडे जाऊन राहावे.

एवढे करून रोप जगलेच, तर दोन-तीन वर्षांत ते जमिनीत लावावे लागेल. चीड तीस मीटरच्या वर जातो, म्हणजे सहज दहा मजले. त्यासाठी सोसायटीकडे अर्ज आजच द्यावा. मंजुरीलाही साधारण तेवढीच वर्षे लागतात.