मुरलेलं अतिक्रमण

रविवारी सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर सुती कुर्ते, कापडी झोळ्या आणि गळ्यात कॅमेरे जमू लागले की ओळखावं, हेरिटेज वॉक निघाला. एरवी कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलाही स्कूटर काढणारा पुणेकर शहराचा वारसा मात्र पैसे भरून पायी बघतो.

वॉकचा नियम एकच : मान वर. वर कमानी, सज्जे, नक्षीचे खांब. खाली बघू नये. खाली फूटपाथ असतो, म्हणजे कागदोपत्री असतो. प्रत्यक्षात तिथे विजेचा डबा, उभ्या केलेल्या दुचाक्या आणि कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो.

वाड्याची पायाभरणी १७३०, नारायणरावांचा खून १७७३, आग १८२८, असं भराभर सांगून मार्गदर्शक आपल्याला मंडईकडे पिटाळतो. खरी गंमत त्या दोन ठिकाणांच्या मधेच आहे. पूर्वी भाजीबाजार भरायचा तो याच वाड्यापुढच्या मैदानात, उघड्यावर. साहेबाला ते बरं दिसेना. मग १८८६ साली अष्टकोनी मनोऱ्याची झोकदार मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. इमारतीवर एवढा पैसा कशाला, तो शिक्षणावर घाला, असं जोतीराव फुले तेव्हा सांगत होते. पुढे गव्हर्नरचं नाव उतरलं आणि मंडई महात्मा फुल्यांची झाली. एखाद्याचा विरोध कायमचा मिटवायचा तर ती वास्तूच त्याच्या नावे करून टाकावी! नामांतरामागे आचार्य अत्रे होते, तेव्हा विनोद नकळत झाला असं म्हणायला जीभ रेटत नाही.

असो. आता मंडईच्या आतली भाजी हा वारसा आणि दाराबाहेर गोणपाटावर मेथी मांडून बसलेल्या मावशी हे अतिक्रमण. वॉकवाल्यांना फोटोत मात्र मावशीच हव्या असतात. ‘जरा इकडे बघा ना, आजी!’ आजी बघतात त्या दुसरीकडे, अतिक्रमणवाल्यांची गाडी आली का ते. पथारीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला. पण गाडीच्या हौद्यात टोपली पडल्यावर कलम कोण वाचून दाखवणार?

तुळशीबागेतही तेच. पेशवाईतल्या राममंदिराभोवती बांगड्या, टिकल्या, भातुकली. ‘हा बाजार म्हणजेच आपली संस्कृती,’ मार्गदर्शक गहिवरतो, आणि बोळाच्या तोंडाशी क्लिपा विकणाऱ्या पोराला म्हणतो, ‘ए, बाजूला हो, लोकांना जाऊ दे.’ पोराचा गुन्हा इतकाच, की तो दोनशे वर्षं उशिरा आला. अतिक्रमण लोणच्यासारखं मुरावं लागतं. नुसतं बसून राहायचं, मग एक दिवस महापालिकाच समोर निळी पाटी लावून जाते.

राहता राहिला चालणारा. त्याचीही सोय आहे. दरवर्षी ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवते. रांगोळ्या, गाणी, बालगोपाळांचे खेळ. रस्त्याच्या मधोमध चालताना माणसं सवयीनं मागे वळून बघतात, हॉर्न का वाजत नाही म्हणून. चालायला आलेल्यांच्या गाड्यांना मात्र त्या दिवशी नारायण पेठेत जागा मिळत नाही.